स्वप्न पडतं, स्वप्न बघतात : तुर्भ्याच्या संध्याकाळच्या वर्गाच्या नोंदी

शुक्रवार, ३ जानेवारी २०२५

सावित्रीबाईंची जयंती. समाजमंदिरात कार्यक्रम झाला. पाच मुली आईच्या साड्या नेसून, कपाळाला आडवं कुंकू लावून आल्या होत्या. त्यानंतर आमच्या संध्याकाळच्या वर्गातली पहिली-दुसरीची २३ मुलं एकेक करून माईकपाशी गेली आणि 'मी मोठेपणी कोण होणार' ते सांगून आली. मी मागे बसून वहीत खुणा करत होते. डॉक्टर ११, पोलीस ६, टीचर ४, कलेक्टर १. एक जण रडला.

सगळ्यांचा सूर एकच होता, पाढे म्हणताना असतो तसा. टाळ्याही तेवढ्याच पडत होत्या.

घरी जाताना छकुलीनं माझा हात धरला. (मुलांची खरी नावं या वहीत लिहायची नाहीत असं ठरवलंय. सगळी हाकेची नावं.) म्हणाली, "ताई, मला इंजेक्शनची लई भीती वाटते." म्हटलं, मग डॉक्टर का म्हणालीस? "माझ्या आधीच्यांनी तेच सांगितलं ना."

ती पुढे पळाली. मी रात्रभर तेच घोळवत बसले.

सोमवार, ६ जानेवारी

बालवाडीच्या मावशींशी बोलणं झालं. आठवड्यातून दोन संध्याकाळी, होळीपर्यंत, या एकाच कामाला द्यायच्या. 'कोण होणार?' हा प्रश्न वर्गात विचारायचा नाही. त्या प्रश्नाला उत्तर म्हणून एका हुद्द्याचं नाव लागतं, आणि सहा वर्षांच्या मुलाला हुद्दे माहीत असून असून किती असणार? त्याऐवजी काय विचारायचं, ते अजून पुरतं सुचलेलं नाही. मावशी म्हणाल्या, "आधी ऐकू तरी. विचारायचं काय ते पोरंच शिकवतील."

सामान : तेलखडूचे चार डबे, फळ मार्केटमधून आणलेले रिकामे खोके (आतली पांढरी बाजू चित्राला चांगली), सुतळी.

गुरुवार, ९ जानेवारी

आज विषय काढला तो नुसता 'स्वप्न' असा. पाऊण तास मुलांनी फक्त झोपेतली स्वप्नं सांगितली. पाण्याचा टँकर आला आणि आईचा हंडा सापडेना. कुत्रं मागं लागलं आणि पाय हलेनात. आजी परत आली होती आणि तिनं भाकरी दिली. मी मध्येच थांबवून 'हे नाही, ते दुसरं स्वप्न' असं सांगणार होते. मावशींनी खुणेनं गप्प केलं, ते बरं झालं.

मग मी सांगितलं, एक स्वप्न पडतं आणि एक आपण बघतो. आपल्या भाषेनं दोन्ही वेगळी ठेवलीत. पडतं त्याला आपण काही करू शकत नाही. बघायचं ते आपल्या मर्जीनं, उघड्या डोळ्यांनी. गुंड्यानं विचारलं, "पडलं की त्याला लागतं का?" कुणी हसलं नाही. सगळे उत्तराची वाट बघत होते. टँकरचं स्वप्न सांगणारी माऊ म्हणाली, "लागतं. म्हणून तर आपण रडत उठतो."

बुधवार, १५ जानेवारी

काल संक्रांत झाली, आज वर्गात तिळगूळ वाटला. आजची नोंद मन घट्ट करून लिहितेय.

विषय होता, 'तुम्हाला कुणासारखं व्हावंसं वाटतं?' बारक्या उठला. त्याचे वडील कांदा-बटाटा मार्केटला माथाडी आहेत, गाव पाटण तालुक्यातलं. बारक्या म्हणाला, "मी पप्पासारखा होणार. पप्पा पन्नास किलोची गोण एकटे उचलतात. मग सगळे पप्पाला वाट देतात." सांगताना त्यानं खांदे रुंद केले, मान पुढे काढली, दोन पावलं चालूनही दाखवलं.

आणि मी म्हणाले, "अरे, तू शिकून मोठा साहेब हो. पप्पांना आराम दे."

तो बसला. पुढचा अर्धा तास खडू हातात घेऊन तसाच बसून राहिला. कागद कोरा. मी चांगल्या मनानं बोलले होते, पण त्याच्या कानावर काय गेलं असेल? ज्या माणसाला सगळे वाट देतात त्याच्यासारखं व्हायचं नाही, एवढंच. माझ्या एका वाक्यानं त्याचं स्वप्नही खाली पाडलं आणि बापालाही.

शुक्रवार, १७ जानेवारी

बारक्या आला नाही. त्याच्या वडिलांना चहाच्या टपरीवर गाठलं आणि घडलं ते सगळं सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, तुम्ही चुकीचं नाही बोलला. मलाबी नकोच आहे त्यानं हे करणं. कंबर बघा माझी." मी म्हटलं, पण त्याला तुमची ताकद दिसते. ते म्हणाले, "त्याला ताकद दिसते, मला कंबर दिसते."

हे वाक्य मी घरी येऊन आधी लिहून ठेवलं.

माथाडी कायदा १९६९चा. अण्णासाहेब पाटलांनी ज्यांच्यासाठी जन्मभर झगडा केला, ती ही माणसं. त्या कायद्यामुळे हमालाला मजुरीची खात्री आली, फंड आला. बारक्याला हे कुणी सांगितलेलं नाही. त्याचे पप्पा ज्या कामात आहेत त्या कामाला इतिहास आहे, हे पोराला कळायला हवं. मग त्यानं पुढे काय करायचं ते त्याचं त्यानं ठरवावं.

उठता उठता मी विचारलं, लहानपणी तुम्हाला काय व्हायचं होतं? ते हसले आणि लाजलेही. "कुस्ती. तालमीत जायचो. वस्ताद म्हणायचे, पोरगं नाव काढेल." हे मुलाला कधी सांगितलंय? "कुणी विचारलं नाही."

बुधवार, २२ जानेवारी

मुलांना घरचा अभ्यास दिला होता : आईला, पप्पांना, आजीला विचारून या, तुम्ही लहान असताना काय स्वप्न बघत होता? मला वाटलं होतं चार-पाच उत्तरं येतील. एकोणीस आली. काही इथे उतरवून ठेवते.

एक आई : एसटीत कंडक्टर व्हायचं होतं, 'घंटी मारली की गाडी निघते' म्हणून. एक वडील : शाळेसमोर गोळ्या-बिस्किटांचं दुकान. एक आई : शिवणकाम, मशीन घ्यायचं होतं, अजून घ्यायचंय. एक मामा : काही आठवत नाही म्हणाले, मग रात्री जेवताना अचानक सांगितलं, 'बँड पथकात ताशा'. छकुलीची आई, सकाळी बसनं वाशीला घरकामाला जाते : "काही नाही. कुणी विचारलंच नाही कधी."

तुर्भे गावातल्या एका आजीचं उत्तर तिच्या नातवानं आगरीत, तिच्याच आवाजात म्हणून दाखवलं. तिला काही व्हायचं नव्हतं, आपल्याच शेतात आपला भात लावायचा होता. १९७०मध्ये शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहिली. ज्या शहरात आम्ही मुलांना 'पुढचं स्वप्न बघा' म्हणतो, ते आजीच्या शेतावर उभं आहे. नातवाला हे कळलं की नाही, सांगता येत नाही. त्यानं चित्रात मात्र इमारतींच्या मधोमध हिरवा चौकोन काढला आणि त्यात एक बाई.

बारक्या परत आलाय. बोलत नाही, पण बसतो.

गुरुवार, ३० जानेवारी

आज वर्ग नव्हता. वाचन आणि विचार.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. बोर्डी, कोसबाड तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं, आता पालघरमध्ये आहे. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, ही त्यांची रीत. तिथूनच 'अंगणवाडी' हा शब्द आला. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी तर कुरणातच शाळा भरवली. आमचं मात्र उलटं झालंय. चार भिंतींत बसवून आम्ही मुलांना सांगतो, लांबचं बघा. लांबचं दिसायला आधी बाहेर पडायला नको का?

२०१८मध्ये ब्रिटनमधल्या एका पाहणीत वेगवेगळ्या देशांतल्या ७ ते ११ वयाच्या २० हजारांहून जास्त मुलांना 'मोठेपणी काय करायचंय' त्याचं चित्र काढायला सांगितलं होतं. बहुतेकांना ते काम घरच्या माणसांकडून नाहीतर टीव्ही-सिनेमातून कळलेलं. त्या कामातल्या माणसानं शाळेत येऊन सांगितल्यामुळे कळलं, अशी मुलं शंभरात एकही भरली नाहीत. आमच्या २३ जणांत तरी दुसरं काय निघालं असतं?

म्हणून दोन गोष्टी ठरल्या : मुलांना बाहेर न्यायचं, आणि कामं करणारी माणसं वर्गात बोलवायची. साहेब लोक नकोत. वस्तीतलीच माणसं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

लोकलनं तुर्भे ते ठाणे. १७ मुलं, आम्ही सहा मोठी माणसं. एका मोठ्याकडे तीन मुलं, प्रत्येकाच्या दंडाला पिवळी रिबीन, खिशात फोन नंबरची चिठ्ठी. दुपारी निघालो, तेव्हा गर्दी कमी असते. कोपरखैरणे, घणसोली, रबाळे, ऐरोली, दिघा गाव, ठाणे. माऊनं सगळी नावं खिडकीतून ओरडून वाचली. तिला वाचता येतं हे आज मला पहिल्यांदा कळलं.

ठाणे स्टेशनात पुलाखाली एका बाजूला उभं राहून गोष्ट सांगितली. १६ एप्रिल १८५३. बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी इथे, ठाण्यात आली. ३४ किलोमीटर, १४ डबे, ४०० माणसं, आणि ओढायला तीन इंजिनं : साहिब, सिंध, सुलतान. ती तीन नावं मुलांच्या तोंडात बसली ती परत येईपर्यंत सुटली नाहीत. बारक्यानं विचारलं, "तीन का? एकाला झेपत नव्हतं?" तीन आठवड्यांनी त्याचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, जड होतं, म्हणून तिघांनी मिळून ओढलं. त्यानं मान हलवली, जणू हे त्याच्या ओळखीचंच होतं.

सुरेखा यादवांचीही गोष्ट सांगितली. साताऱ्याच्या. देशातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक. २०००मध्ये मध्य रेल्वेची महिला विशेष लोकल त्यांनी चालवली आणि १३ मार्च २०२३ला सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली. निम्मी मुलं साताऱ्याकडची, त्यामुळे 'आमच्या गावच्या' म्हणून भांडण लागलं. परतीच्या गाडीत शेवटच्या डब्यातल्या गार्डकाकांनी मुलांना हात केला. त्यांचं काम काय, घंटी कोण देतं, यावर तुर्भे येईपर्यंत चर्चा. कंडक्टर व्हायची इच्छा असलेल्या आईची मुलगी हळूच म्हणाली, "हे आईचंच काम आहे. फक्त गाडी मोठी."

शनिवार, १५ फेब्रुवारी

आजच्या पाहुण्या : माऊची आई, मसाला मार्केटला मिरची निवडते. तिनं चार बंद बरण्या आणल्या होत्या. (मिरची हाताळायला द्यायची नाही हे तिनंच आधी बजावलं, डोळ्यांना हात लागतो.) सुरकुतलेली, गर्द लाल ती ब्याडगी, रंगाला. बारीक ती लवंगी, तिखटाला. या दोन्ही, संकेश्वरी आणि काश्मिरी शेजारी शेजारी धरून तिनं फरक दाखवला. देठ कसा खुडायचा, ओली राहिलेली मिरची आवाजावरून कशी कळते, तेही. बरणी हलवली. वाळलेली खळखळते, ओली गप्प बसते. मुलं कान लावून ऐकत होती. माऊ आईच्या शेजारी अशी उभी होती की फोटो काढायला हवा होता. काढला नाही, बघत राहिले.

मग बारक्याचे वडील. खांद्यावर टॉवेल, हातात आकडा. उशीच्या अभ्र्यात रद्दी भरून त्यांनी एक छोटी गोण केली होती. "वाकायचं ते गुडघ्यात. कमरेत वाकला की गेला." प्रत्येक मुलानं ती पाठीवर घेऊन पाहिली. बारक्या शेवटी उठला. त्याला शिकवावं लागलं नाही.

मग वडिलांनी मुलांना तालमीचं सांगितलं. लाल माती, वस्ताद, पहाटेच्या जोर-बैठका. बारक्याचं तोंड उघडंच राहिलं. त्यानं हे पहिल्यांदा ऐकलं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी, तरी सात मुलं आली. बारक्यानं चित्र काढलं. एक भलीमोठी गोण, तिला दोन पाय, पायांत बूट. गोण आपली आपण चालतेय. बाजूला पप्पा स्टुलावर बसून चहा पिताहेत. वर साहिब, सिंध, सुलतान अशा तीन काळ्या टोप्या तरंगतात. त्या कशाला आहेत, ते त्यानं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

मराठी भाषा गौरव दिन. आमच्याकडे घरी गोरमाटी (लमाणांची बोली), कानडी, हिंदी बोलणारी मुलं आहेत. त्यांना म्हटलं, आज आपापल्या घरच्या बोलीत सांगा, शेजारचा मराठीत सांगेल. लमाण वस्तीतली मुलगी, जी एरवी दोन शब्दांवर जात नाही, पाच मिनिटं बोलत होती. अर्थ सांगणारा दमला, म्हणाला, "अजून खूप आहे ताई, मला एवढं येत नाही." तिच्या आईला शनिवारी नक्की आणायचं.

बुधवार, ५ मार्च

८ तारखेची तयारी. त्या दिवशी मुलं घरच्या मोठ्यांना आपापलं स्वप्न सांगणार. स्टेज नको, माईक नको. मांजरपाटाचे हातभर तुकडे कापून प्रत्येकानं कापडाच्या रंगांनी आपलं चित्र उतरवलंय. शिवणकामाची हौस असलेली आई आणि तिघी जणी मिळून ते धावदोऱ्यानं जुन्या साडीवर जोडताहेत. गोधडी होईल. मुलं तिच्याभोवती बसून आपापल्या तुकड्यावर हात ठेवून सांगतील.

मोठ्यांना काय सांगायचं यावर मावशींशी बराच खल झाला. 'शाब्बास' म्हणू नका, सुधारू नका, मध्ये बोलू नका, अशी नकारांची यादी नको वाटत होती. मावशींनाच सुचलं. गावाला रात्री गोष्ट सांगताना हुंकार द्यायला कुणीतरी बसायचं. हुंकार थांबला की गोष्ट थांबायची. मोठ्यांनी तेवढंच करायचं. हं. मग? हं.

छकुलीचा तुकडा कोरा आहे. दोन महिने तिनं दर वेळी वेगळं काही काढलं आणि पुसलं. आज म्हणाली, "ताई, माझं अजून ठरलं नाही." म्हटलं, मग तेच लिहू. तिनं हिरव्या रंगात लिहिलं : अजून ठरलं नाही. 'ठ' दोनदा गिरवला.

शनिवार, ८ मार्च

महिला दिन म्हणून कामावरून लवकर सुटका मिळेल, असं बायकांनी आधीच सांगितलं होतं. सगळ्यांना मिळाली नाही. तरी ३१ मोठी माणसं आली. चटईवर बसली.

सुरुवातीला हुंकार अडखळत होता, माणसांना लाज वाटत होती. तुर्भे गावच्या आजीनं पहिला खणखणीत 'हं' दिला आणि बाकीचे सावरले.

गुंड्याची पाळी आली. डिसेंबरात नवी मुंबईच्या नव्या विमानतळावर पहिलं प्रवासी विमान चाचणीसाठी उतरलं, ते त्यानं मामाच्या फोनवर पाहिलं होतं. तो म्हणाला, "मी विमान उतरताना रस्त्यावरची कुत्री आणि पाखरं हाकलणार." मागून कुणीतरी मोठ्यानं हसलं. गुंड्या गप्प झाला आणि तुकड्यावरचा हात काढून घेतला. माझ्या पोटात खड्डा पडला. पंधरा जानेवारी डोळ्यांसमोर आला.

पण आजी म्हणाली, "हं. मग?"

त्यानं तिच्याकडे बघितलं. "मग पाखरू इंजिनात जात नाही."

"हं."

"मग विमानातली माणसं घरी जातात."

मग मी सगळ्यांना सांगितलं की हे खरंच काम आहे. विमानतळांवर धावपट्टीपासून पक्षी आणि जनावरं लांब ठेवायला माणसं नेमलेली असतात, कारण एक पक्षीसुद्धा इंजिन बंद पाडू शकतो. गुंड्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. मामाच्या फोनवर विमान बघताना बाकीच्यांचे डोळे आकाशात होते, याचे रस्त्यावर.

बारक्यानं चालत्या गोणीबद्दल तीनच वाक्यं सांगितली. वडील शेवटच्या रांगेत होते. हुंकार देताना त्यांचा आवाज नीट निघत नव्हता. लमाण मुलगी तिच्या बोलीत बोलली, आईनं तिच्याच बोलीत हुंकार दिला, आणि आम्हाला कुणालाच अर्थ सांगावासा वाटला नाही. ज्या मुलानं तीन जानेवारीला माईकपाशी रडून दिलं होतं, तो आजही बोलला नाही. त्यानं तुकडा फक्त उचलून दाखवला. निळं सगळं. खाडी असेल, आकाश असेल. हुंकार त्यालाही मिळाला.

छकुली उभी राहिली, हिरवी अक्षरं वाचली. "अजून ठरलं नाही."

"हं," सगळे म्हणाले. ती बसली.

सोमवार, १७ मार्च

होळी झाली. गोधडी भिंतीला टांगली आहे, वर्गाला आल्यावर मुलं आधी आपला तुकडा शोधतात. बारक्याचे वडील रविवारी पहाटे त्याला मैदानात जोर-बैठका शिकवतात. पुढच्या वर्षीसाठी लिहून ठेवते : पाहुणे जानेवारीतच बोलवायचे, आणि ठाण्याची फेरी पहिल्या महिन्यात.

मांजरपाटाचे अकरा तुकडे उरलेत. काल संध्याकाळी छकुलीची आई घरकामाहून परतताना आली. एक तुकडा मागितला. कशाला, असं मी विचारलं नाही. तिनं हिरवा रंगही मागितला. दिला.